उपग्रहानेच स्वतःची कक्षा काढायची तर: छोट्या टीमसाठी पायरीवार मार्गदर्शन

उपग्रहावर जीपीएस रिसीव्हर आहे, तो दर सेकंदाला स्थान आणि वेग देतो, मग त्यावर आणखी कक्षा काढणारा फिल्टर कशाला? छोट्या उपग्रहाच्या डिझाइन रिव्ह्यूत हा प्रश्न कुणीतरी काढतंच, आणि तो रास्त आहे. उत्तर आकड्यांत द्यायला सोपं आहे. उपग्रह ५०० किलोमीटर उंचीवर धरा. वेग सेकंदाला सुमारे ७.६ किलोमीटर, एक फेरी ९४.६ मिनिटांची. प्रवासाच्या दिशेने या वेगात सेकंदाला फक्त एक सेंटीमीटरची चूक राहिली, तर अर्ध-दीर्घ अक्ष (कक्षेच्या लांब व्यासाचा अर्धा भाग) १८ मीटरने चुकतो आणि एका फेरीनंतर उपग्रह अपेक्षित जागेपासून सुमारे १७० मीटर पुढे किंवा मागे निघतो. दिवसाच्या पंधरा फेऱ्या धरल्या तर अडीच किलोमीटर. साध्या रिसीव्हरच्या वेगात यापेक्षा मोठी चूक सहज असते.

रिसीव्हर त्या-त्या क्षणाचं गणित सोडवतो आणि मोकळा होतो. पृथ्वी आपल्याला कुठे ओढते आहे, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. वीज वाचवायला तो अर्धी फेरी बंद ठेवला, उपग्रह फिरला आणि अँटेना पृथ्वीकडे वळला, किंवा एखादं मापन भलतंच आलं, की तुमच्या हातात काहीच उरत नाही. फिल्टर या सुट्या मापनांना गतीच्या नियमांनी बांधतो आणि मापन नसतानाही उत्तर देत राहतो.

हा लेख कॉलेजच्या किंवा छोट्या कंपनीच्या टीमसाठी आहे. जवळची पृथ्वी-कक्षा, एकाच फ्रिक्वेन्सीचा रिसीव्हर आणि मर्यादित ताकदीचा प्रोसेसर एवढं गृहीत धरलंय. अंदाज आणि मापन यांची सांगड घालणाऱ्या काल्मन फिल्टरची समीकरणं दोन पानांत मावतात आणि कुठेही मिळतात. महिने जातात ते काळाच्या हिशेबात, संदर्भ-चौकटीत आणि कुणावर कधी विश्वास ठेवायचा याच्या नियमांत. त्यामुळे लेखही तिथेच जास्त रेंगाळेल.

हे काम नवं नाही. १९८२ च्या लँडसॅट-४ वर जीपीएस रिसीव्हर होता. फ्रान्सच्या डोरिस यंत्रणेत उलटा कारभार आहे: जमिनीवरची केंद्रं दोन फ्रिक्वेन्सींवर संकेत पाठवतात, उपग्रह डॉप्लर, म्हणजे वेगामुळे फ्रिक्वेन्सीत पडणारा फरक, मोजतो, आणि १९९८ च्या स्पॉट-४ पासून डायोड नावाचं सॉफ्टवेअर उपग्रहावरच त्यातून कक्षा काढतं. जर्मनीचा बर्ड हा उपग्रह जीपीएसवर चालणारी ऑनबोर्ड नॅव्हिगेशन यंत्रणा घेऊन २२ ऑक्टोबर २००१ रोजी आपल्याच श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी३ ने गेला. अलीकडचं उदाहरण इस्रोच्या स्पेडेक्सचं. सुमारे २२० किलोंचे दोन उपग्रह १६ जानेवारी २०२५ रोजी एकमेकांना जोडले गेले, त्यात दोघांची सापेक्ष कक्षा उपग्रहावरच काढणारा प्रोसेसर होता. जमिनीवरून आकडे पाठवत बसून तसली जोडणी होत नाही.

आधी ठरवा: किती अचूक हवंय?

ही पायरी बहुतेक टीम गाळतात. फक्त ग्राउंड स्टेशनकडे अँटेना वळवायचा असेल तर हा सगळा खटाटोप नको. ५०० किलोमीटर अंतरावर एक किलोमीटरची चूक म्हणजे जेमतेम ०.११ अंश, आणि छोट्या उपग्रहाच्या अँटेनाचा झोत त्याच्या कितीतरी पट रुंद असतो. जमिनीवरून टीएलई (कक्षेचं दोन ओळींतलं वर्णन) चढवा, त्यावरून स्थान काढणारं एसजीपी४ हे मॉडेल चालवा आणि झोपा. टीएलई मुळातच किलोमीटरच्या आसपास चुकलेलं असतं आणि दिवसागणिक बिघडतं, पण या कामाला ते पुरतं.

कॅमेऱ्याच्या चित्रातला प्रत्येक पिक्सेल नकाशावर बसवायचा असेल, कक्षा आपोआप राखायची असेल किंवा दुसऱ्या उपग्रहाजवळ जायचं असेल, तर पुढे वाचा. ढोबळ मानाने तीन पातळ्या आहेत. पहिलीत रिसीव्हरने दिलेलं स्थान हेच मापन धरायचं, अचूकता काही मीटर. दुसरीत प्रत्येक जीपीएस उपग्रहापर्यंतचं कच्चं अंतर, म्हणजे स्यूडोरेंज, वापरायचं. तिसरीत वाहक-लहरीची कला (फेज) जोडायची आणि मीटरच्या आत यायचं. माझं स्पष्ट मत: पहिलाच उपग्रह असेल तर पहिली पातळी नीट करा. अर्धवट तिसरीपेक्षा नीट केलेली पहिली कक्षेत जास्त दिवस टिकते.

रिसीव्हर निवडताना

बाजारातले साधे रिसीव्हर १८ किलोमीटर उंची आणि १००० नॉट, म्हणजे सेकंदाला सुमारे ५१५ मीटर, या जुन्या निर्यात-मर्यादेपुढे उत्तर देणं थांबवतात. ही मर्यादा काढलेली आवृत्ती लेखी मागा. उंचीची मर्यादा काढली, वेगाची राहिली, असंही होतं.

मर्यादा काढली म्हणजे भागलं असं नाही. जमिनीवर जीपीएस संकेताचा डॉप्लर पाचेक किलोहर्ट्झच्या आत राहतो, कक्षेत तो चाळीस किलोहर्ट्झच्या पुढे जातो. शोधाची खिडकी तेवढी रुंद नसेल तर रिसीव्हर चालू असूनही काहीच सापडत नाही. टीएलईवरून अंदाजे स्थान-वेग देऊन शोध सुरू करता येतो का, ते पाहा.

तिसरी गोष्ट सेटिंगमधली. रिसीव्हरच्या आत स्थान गुळगुळीत करणारा स्वतःचा फिल्टर असतो आणि तो गाडीच्या किंवा माणसाच्या चालीवर बेतलेला असतो. तो बंद करा. हवेतल्या विलंबाची दुरुस्तीही बंद करा: तुम्ही ढगांच्या कितीतरी वर आहात, तिथे ती दुरुस्तीच चूक घालते. आयनांबराचं (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित थराचं) मानक मॉडेलसुद्धा जमिनीवरून पूर्ण थर धरून बनवलंय, तुमच्या वर मात्र त्याचा काही भागच असतो.

काळ: सगळ्यात जास्त चुका इथे

फिल्टरच्या आत एकच काळ ठेवा, जीपीएस काळ. यूटीसी, म्हणजे रोजच्या घड्याळांचा जागतिक काळ, आत येऊ देऊ नका. १ जानेवारी २०१७ पासून जीपीएस काळ यूटीसीच्या १८ सेकंद पुढे आहे. टीएलई यूटीसीत असतं, जमिनीवरच्या आज्ञा यूटीसीत असतात, म्हणून रूपांतर फक्त सीमेवर करा आणि लीप सेकंदांची (यूटीसीत अधूनमधून घातलेल्या जादा सेकंदांची) संख्या जमिनीवरून बदलता येईल अशी ठेवा.

जीपीएसचा जुना संदेश आठवड्याचा क्रमांक दहा बिटांत सांगतो, त्यामुळे दर १०२४ आठवड्यांनी तो शून्यावर येतो. ऑगस्ट १९९९ आणि एप्रिल २०१९ मध्ये हे झालं, पुढचं नोव्हेंबर २०३८ मध्ये. रिसीव्हरचं फर्मवेअर हे कसं हाताळतं ते सिम्युलेटरवर २०३८ ची तारीख लावून बघता येतं.

आता काळ कसा साठवायचा. १९८० पासूनचे सेकंद एकाच डबल-प्रिसिजन (६४ बिटांच्या) आकड्यात ठेवावेत असा मोह होतो. तो आकडा आज १४० कोटींच्या वर आहे, आणि तिथे दोन लगतच्या आकड्यांमधलं अंतर सुमारे ०.२४ मायक्रोसेकंद. उपग्रहाच्या वेगाने गुणलं तर दोन मिलिमीटरही नाहीत, म्हणून चालेल असं वाटतं. पण त्याच आकड्यावरून संकेताचा प्रवासकाळ काढून प्रकाशाच्या वेगाने गुणलं की ७१ मीटर होतात! आठवडा पूर्णांकात, सेकंद पूर्णांकात आणि सेकंदाचा अंश वेगळा, असे तीन तुकडे ठेवा.

शेवटचा सापळा तारेतला. रिसीव्हरचा संदेश सिरियल पोर्टवरून ऑनबोर्ड कॉम्प्युटरपर्यंत यायला वेळ लागतो. कुणी संदेश ‘आला तेव्हाची’ वेळ स्थानाला चिकटवली आणि उशीर १०० मिलिसेकंदांचा असला, तर कक्षा ७६० मीटरने सरकली. वेळ नेहमी संदेशाच्या आतली घ्या, आणि कॉम्प्युटरचं घड्याळ रिसीव्हरच्या सेकंदाला एक या स्पंदाशी जुळवा.

संदर्भ-चौकट

जीपीएस स्थान पृथ्वीबरोबर फिरणाऱ्या चौकटीत देतं. गतीचे नियम न फिरणाऱ्या चौकटीत सोपे असतात. पाठ्यपुस्तकी सवयीने सगळे दुसरीत जातात, आणि मग ध्रुवांची हालचाल, यूटी१ (पृथ्वीच्या प्रत्यक्ष फिरण्यावरून मोजलेला काळ) आणि यूटीसीतला फरक, यांचे तक्ते उपग्रहावर चढवत बसावं लागतं. यूटी१ मध्ये ०.१ सेकंदाची चूक म्हणजे कक्षेवर विषुववृत्ताजवळ सुमारे ५० मीटर.

मला फिरत्या चौकटीतच समीकरणं सोडवणं जास्त पटतं. कोरिऑलिस आणि केंद्रोत्सारी अशी दोन पदं वाढतात, बस्स. पृथ्वीच्या फिरण्याचा कोनीय वेग सेकंदाला ०.००००७२९२११५ रेडियन हा स्थिर धरला तरी पुरतो. मापन याच चौकटीत येतं, गुरुत्वाचं मॉडेल याच चौकटीत असतं, कॅमेऱ्यालाही उत्तर याच चौकटीत हवं असतं. तारे बघणाऱ्या सेन्सरसाठी शेवटी एकदा रूपांतर करायचं. तेव्हा वेगात कोनीय वेग आणि स्थान यांचा सदिश गुणाकार मिळवायला विसरू नका. तो विषुववृत्तावर सेकंदाला ५०० मीटरचा असतो.

बलांचं मॉडेल

५०० किलोमीटरवर पृथ्वीचं मुख्य त्वरण सुमारे ८.४ मीटर प्रति सेकंदवर्ग. पृथ्वी विषुववृत्तावर फुगलेली असल्यामुळे येणारं जे२ चं पद त्याच्या हजाराव्या भागाच्या थोडं वर, विषुववृत्ताजवळ सव्वा सेंटीमीटरच्या आत, ध्रुवांजवळ त्याच्या दुप्पट. छोटं दिसतं, पण ते सोडून दिलं तर दहा मिनिटांत दोनेक किलोमीटरची चूक. मी जे२ वर थांबणार नाही: पहिल्या पातळीला २०×२० चं, म्हणजे विसाव्या घात-क्रमापर्यंतच्या पदांचं, गुरुत्व-क्षेत्र घ्या, मीटरच्या आत जायचं असेल तर ५० ते ७० पर्यंत. सूर्य-चंद्राचं ओढणं मायक्रोमीटर प्रति सेकंदवर्गाच्या घरात असतं. त्यांची स्थानं ढोबळ सूत्रांनी काढली तरी चालतात.

हवेचा रोध हा बेभरवशाचा भाग. ५०० किलोमीटरवर हवेची घनता सूर्याच्या अकरा वर्षांच्या चक्रात दहापटीच्या आसपास बदलते, आणि चुंबकीय वादळ आलं तर काही तासांतच उडी मारते. फेब्रुवारी २०२२ मध्ये नुकतेच खालच्या कक्षेत सोडलेले स्टारलिंकचे ४९ पैकी जवळजवळ ४० उपग्रह अशा वादळात गेले. म्हणून उपग्रहावर भारी वातावरण-मॉडेल चढवण्यात अर्थ नाही. हॅरिस-प्रीस्टरसारखं साधं मॉडेल घ्या आणि त्याला गुणणारा घटक फिल्टरकडूनच काढून घ्या. हा घटक ऋण होऊ देऊ नका. हवा उपग्रहाला पुढे ढकलत नाही, पण फिल्टरला ते ठाऊक नसतं.

गणन: पावलं आणि आकड्यांची लांबी

गतीची समीकरणं पावलापावलाने सोडवायला चौथ्या क्रमाची रुंगे-कुट्टा पद्धत, ३० सेकंदांचं पाऊल. एका पावलाची चूक दोनेक मिलिमीटर येते. १० सेकंदांचं पाऊल घेतलं तर मिलिमीटरच्या शंभराव्या भागावर जाते. पहिल्या पातळीला ३० पुरेत.

सिंगल-प्रिसिजनमध्ये (३२ बिटांच्या आकड्यांत) हे करू नका. स्थानाचा एकेक घटक सत्तर लाख मीटरपर्यंत जातो, आणि तिथे सिंगल-प्रिसिजनचा सगळ्यात लहान टप्पा अर्ध्या मीटरचा आहे. दर पावलाला अर्ध्या मीटरची पायरी चढणारी कक्षा कुठलाही फिल्टर सावरू शकत नाही. कॉर्टेक्स-एम४ सारख्या प्रोसेसरमध्ये डबलसाठी हार्डवेअर नसतं, सॉफ्टवेअरने तो हळू चालतो, पण ३० सेकंदांत चार वेळा २०×२० चं क्षेत्र काढायला वेळ भरपूर आहे. कंपायलरच्या इशाऱ्यांकडे मात्र लक्ष द्या: एखाद्या स्थिरांकामागे चुकून राहिलेलं ‘एफ’ अक्षर त्याला सिंगल करून सगळी अचूकता खातं.

फिल्टर

पहिल्या पातळीची अवस्था, म्हणजे फिल्टर ज्यांचा अंदाज घेतो ते आकडे, अशी: स्थानाचे तीन, वेगाचे तीन, रोधाचा गुणक एक. हवं असेल तर त्रिज्येच्या, प्रवासाच्या आणि कक्षेला लंब अशा तीन दिशांची अनुभवजन्य त्वरणं, ज्यांना आपोआप शून्याकडे ओढलं जातं आणि ज्यांचा काळ-स्थिरांक दहा-पंधरा मिनिटांचा असतो. मॉडेलमध्ये न बसलेलं सगळं या त्वरणांत जातं.

सुरुवात रिसीव्हरच्या स्थान-वेगावरून करा. अनिश्चितता सढळ द्या, स्थानाला १०० मीटर, वेगाला सेकंदाला एक मीटर. पण आधी एक तपासणी: त्या स्थान-वेगातून अर्ध-दीर्घ अक्ष काढा. वेगातली एक मीटरची चूक तिथे १.८ किलोमीटर दाखवते. प्रक्षेपणानंतरच्या अपेक्षित कक्षेपासून अक्ष वीसेक किलोमीटरहून दूर असेल तर तो फिक्स (रिसीव्हरचं ते उत्तर) फेका आणि पुढचा घ्या.

मग दर ३० सेकंदांचा फेरा. कक्षा पुढे न्या. त्याच पावलात चुकांचा कोव्हेरिअन्स, म्हणजे प्रत्येक आकड्याची अनिश्चितता कर्णावर सांगणारी सारणी, पुढे न्या. त्यासाठी लागणारी अवस्थांतर-सारणी काढताना मध्यवर्ती आकर्षण आणि जे२ एवढंच धरलं तरी काही बिघडत नाही, पूर्ण क्षेत्राचे अवकलज काढायची हौस करू नका. प्रक्रियेचा गोंगाट (मॉडेलच्या चुकांसाठी धरलेली अनिश्चितता) मिळवा. मापन आलं असेल तर अपेक्षित आणि प्रत्यक्ष यांतला फरक काढा, तपासा, आणि पटला तर अवस्था सुधारा.

गोंगाटाचे आकडे कुठून आणायचे? २०×२० नंतर सोडून दिलेल्या गुरुत्वाच्या पदांचा एकूण परिणाम ५०० किलोमीटरवर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या घरातलं त्वरण. तिथून सुरू करा. तो शून्याजवळ ठेवला तर फिल्टर स्वतःवर खूश होऊन मापनं ऐकेनासा होतो. फार मोठा ठेवला तर रिसीव्हरच्याच चुका पुढे ढकलतो, आणि मग फिल्टर असून नसल्यासारखा.

मापनाच्या बाजूला एक खोच आहे. रिसीव्हर ‘पाच मीटर’ म्हणतो ते खरं मानू नका. त्याच्या चुका एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. जीपीएस उपग्रहांच्या प्रसारित कक्षेतली चूक आणि आयनांबराचा विलंब मिनिटानुमिनिटं तसेच राहतात. काल्मन फिल्टर मात्र प्रत्येक मापन ताजी, स्वतंत्र साक्ष मानतो. म्हणून दर सेकंदाला मापन भरवू नका, ३० सेकंदांनी एकच घ्या, आणि अनिश्चितता दुपटीने फुगवा. आयनांबराची चूक मुख्यतः उंचीत उतरते, आणि भारताच्या आकाशात ती दुपारनंतर जास्त असते, कारण विषुववृत्तीय विसंगतीचा, म्हणजे विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना वाढणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या दाटीचा, उत्तरेकडचा उंचवटा आपल्याच देशावरून जातो. आयआयटी मुंबईचा प्रथम हा उपग्रह, २६ सप्टेंबर २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३५ ने गेलेला, याच थरातले इलेक्ट्रॉन मोजायला बनवला होता.

कोव्हेरिअन्स सुधारताना त्या सूत्राचं जोसेफचं रूप वापरा किंवा यूडी विघटन, दोन्ही सारणी धन ठेवतात. सूत्राचं नेहमीचं लहान रूप कागदावर तेच उत्तर देतं, पण काही हजार फेऱ्यांनी कर्णावर ऋण आकडा आणून ठेवतं. अपोलोच्या काळात कमी बिटांच्या संगणकासाठी वर्गमूळ-फिल्टर शोधला गेला तो याच दुखण्यावर.

विश्वास आणि अविश्वासाचे नियम

अपेक्षित आणि प्रत्यक्ष यांतला फरक त्याच्या अपेक्षित विखुरणीच्या चारपटीहून मोठा असेल तर मापन नाकारा. हे सगळेच करतात. पुढचं मात्र राहून जातं: फिल्टर चुकलेला असून त्याला आपण अचूक आहोत असं वाटत असेल, तर तो खरी मापनं एकामागून एक नाकारत जातो. कक्षा दर फेरीला दूर सरकते आणि टेलिमेट्रीत अनिश्चितता मात्र छान लहान दिसते. जमिनीवर बसलेल्या माणसाला हे उशिराच कळतं.

यावर उपाय पायऱ्यांचा ठेवा. सलग काही नकार आले, आणि त्याच वेळी रिसीव्हरला पुरेसे उपग्रह दिसत असून त्याचे लागोपाठचे फिक्स एकमेकांशी जुळत असतील, तर दोष आपला समजा आणि कोव्हेरिअन्स फुगवा. तरी जुळलं नाही तर फिल्टर नव्याने सुरू करा. किती नकारांनंतर काय, हे आकडे जमिनीवरून बदलता आले पाहिजेत.

इंजिन पेटवणार असाल तर फिल्टरला आधी सांगा. अपेक्षित वेगबदल मिळवा आणि त्याच्या दहाएक टक्के अनिश्चितता वेगाच्या कोव्हेरिअन्सला द्या. न सांगता दिलेला धक्का आणि खराब मापन यांतला फरक फिल्टरला कळणार नाही.

किरणोत्सारामुळे मेमरीतला एखादा बिट उलटतो, तेही धरून चाला. प्रत्येक फेऱ्यानंतर अवस्थेत आकडा नसलेलं काही आलंय का, अर्ध-दीर्घ अक्ष मर्यादेत आहे का, कर्ण धन आहे का, हे तपासा. मागच्या चांगल्या अवस्थेची प्रत वेगळ्या जागी ठेवा आणि बिघडलं तर तिथून पुढे चाला.

दोन कामं वेगळी ठेवा

फिल्टरला वेळ लागतो, कॅमेऱ्याला आणि दिशा-नियंत्रणाला उत्तर सेकंदाला हवं असतं. म्हणून फिल्टर कमी प्राधान्याच्या कामात ३० सेकंदांनी चालवा. सुधारलेल्या अवस्थेवरून तो पुढच्या एका पावलापर्यंतची कक्षा आधीच काढून ठेवतो. पावलाच्या दोन्ही टोकांचं स्थान, वेग आणि त्वरण माहीत असलं की पाचव्या घाताची बहुपदी बसते. तिचे सहगुणक दुसऱ्या, जास्त प्राधान्याच्या कामाला द्यायचे, ते हवं तेव्हा मधलं स्थान काढून देतं. दर ३० सेकंदांनी कक्षेला मीटरभराचा झटका बसेल. तो झाकू नका, टेलिमेट्रीत खूण करा.

मीटरच्या आत जायचं असेल तर

मग कच्ची मापनं हवीत आणि रिसीव्हरच्या घड्याळाची चूकही अवस्थेत हवी. तिचा दर वेळी नव्याने अंदाज घ्या, स्वस्त स्फटिकाच्या घड्याळावर भरवसा नको. एक मायक्रोसेकंद म्हणजे ३०० मीटर. जीपीएस उपग्रहाची कक्षा पूर्ण वर्तुळ नसल्यामुळे त्याच्या घड्याळात येणारी सापेक्षतेची दुरुस्ती विसरलात तर दहा मीटरपर्यंत आणि क्वचित त्याहून जास्त चूक. संकेत प्रवासात असताना पृथ्वी फिरते, ते विसरलात तर तीस-चाळीस मीटरपर्यंतची.

एका फ्रिक्वेन्सीवर आयनांबर काढून टाकायची एक सुंदर युक्ती आहे, ग्राफिक. आयनांबर कोडला (ज्यावरून स्यूडोरेंज मोजतात त्या संकेताला) जेवढा उशीर करतं तेवढंच वाहक-लहरीची कला पुढे ढकलतं. दोघांची सरासरी घेतली की आयनांबर गेलं, आणि कोडचा गोंगाटही निम्मा झाला. किंमत एवढीच की प्रत्येक उपग्रहामागे एक अज्ञात स्थिरांक अवस्थेत वाढतो आणि कलेचा धागा तुटला की तो नव्याने काढावा लागतो. दोन फ्रिक्वेन्सींचा रिसीव्हर आणि युरोपच्या गॅलिलिओ यंत्रणेचे संकेत असतील तर प्रसारित कक्षेवरही डेसिमीटरच्या घरात जाता येतं. नाविकचा, म्हणजे भारताच्या स्वतःच्या दिशादर्शन यंत्रणेचा, मोह इथे आवरा: त्याचे उपग्रह भारताच्या आसपासच्या भागासाठी आहेत, तुमचा उपग्रह मात्र बहुतेक फेरी दुसरीकडेच असतो.

तपासणी

सिग्नल सिम्युलेटर महाग असतो, पण तिथपर्यंत जायच्या आधी बरंच काम फुकट होतं. २०१३ च्या स्वॉर्म आणि २०१८ च्या ग्रेस फॉलो-ऑन मोहिमांची जीपीएस मापनं आणि अचूक कक्षा खुल्या आहेत. त्यातली फक्त एल१ ची (जीपीएसच्या मुख्य फ्रिक्वेन्सीची) मापनं घ्या, तुमच्या रिसीव्हरएवढा गोंगाट मिसळा, फिल्टर चालवा आणि अचूक कक्षेशी ताडून पाहा. चाचणी त्याच कोडवर घ्या जो उपग्रहावर जाणार आहे. पायथनमधल्या जुळ्या भावावर घेतलेली चाचणी प्रोसेसरवरच्या चुका दाखवत नाही.

चूक दिसली की तिचा आकार आधी बघा, तो बहुतेक वेळा कारण सांगतो. प्रवासाच्या दिशेने एकसारखे ७.६ मीटर म्हणजे वेळ एका मिलिसेकंदाने चुकली. त्याच दिशेने १३७ किलोमीटर म्हणजे लीप सेकंद कुठेतरी मापनाच्या वेळेत शिरले. पूर्व-पश्चिम नऊ किलोमीटर म्हणजे तेच १८ सेकंद चौकटीच्या रूपांतरात शिरले, कारण तेवढ्यात पृथ्वी ०.०७५ अंश फिरते. वेगात ५०० मीटर म्हणजे सदिश गुणाकार राहिला. फेरीच्या निम्म्या काळाने वर-खाली होणारी चूक दिसली तर जे२ च्या चिन्हाकडे बघा.

मग मुद्दाम त्रास द्या. रिसीव्हर ४५ मिनिटं बंद ठेवा, एक फिक्स शंभर किलोमीटरने हलवा, घड्याळ एका सेकंदाने उडवा, मध्येच प्रोसेसर रीसेट करा. प्रत्येक वेळी फिल्टर एका फेरीच्या आत सावरला पाहिजे, आणि सावरेपर्यंत त्याची सांगितलेली अनिश्चितता खऱ्या चुकीहून लहान असता कामा नये.

कक्षेत पोचल्यावर

पहिले काही दिवस फिल्टर चालवा, पण त्याचं उत्तर कुणाला वापरू देऊ नका. दिशा-नियंत्रण टीएलईवर चालू द्या. खाली पाठवायच्या गोष्टी थोड्याच आहेत: अवस्था, कोव्हेरिअन्सचा कर्ण, प्रत्येक मापनाचा फरक, नाकारलेल्यांची संख्या, दिसणाऱ्या उपग्रहांची संख्या आणि रोधाचा गुणक. जागा कमी असेल तर कोव्हेरिअन्स गाळा, फरक गाळू नका. फरकांचा वर्ग त्यांच्या अपेक्षित विखुरणीने भागून सरासरी काढा. स्थानाच्या तीन घटकांसाठी ती तीनच्या आसपास हवी. तीसच्या आसपास असेल तर मापनाची अनिश्चितता आणि प्रक्रियेचा गोंगाट यांतलं एक तरी फार कमी ठरवलंय, ०.३ असेल तर दोन्ही फार सढळ आहेत. एका वेळी एकच आकडा बदला आणि दोन-तीन फेऱ्या थांबा. रोधाचा गुणक स्थिरावायला मात्र एक-दोन दिवस द्यावे लागतात, त्याआधी त्याच्यावर काहीही अवलंबून ठेवू नका.